खिडकीवाल्या

वाचता वाचता तो थांबला. झालं एवढंच. शनिवारची दुपार होती, जेवणं उरकली होती, ती ओट्याशी उभी राहून संत्री सोलत होती आणि बाहेरच्या खोलीत तिचा नवरा नातीच्या शाळेतून आलेलं पत्रक मोठ्यानं वाचत होता. मोठ्यानं वाचायची त्याची जुनी खोड. औषधाच्या खोक्यातला कागद असो, साबणाच्या वेष्टनावरची सूचना असो, ऐकायला कुणी असो वा नसो, तो वाचणार. आणि दर वाक्याच्या शेवटी ‘हं’ म्हणणार, जणू ते वाक्य काठावर पास झालं. “नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ही लस द्यावी. हं. दोन इंजेक्शनं, सहा महिन्यांच्या अंतरानं. हं. ही लस गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून संरक्षण देते. हं. हा कॅन्सर जवळजवळ नेहमीच एका विषाणूमुळे होतो. हं. हा विषाणू शरीरसंबंधातून एका जोडीदाराकडून दुसऱ्या…” इथं ‘हं’ आला नाही. तिच्या हातातलं साल अर्धवट लोंबत राहिलं.

“आबा, पुढं वाचा ना,” नात म्हणाली. बारा वर्षांची पोर, एका जागी उभी म्हणून राहायची नाही, म्हणून घरात तिला सगळे फिरकी म्हणत. “दुखतं का, ते लिहिलंय का त्यात?”

“नाही. ते काही लिहिलेलं नाही.”

“म्हणजे दुखतं.”

तो हसला नाही. एरवी अशा उत्तरावर त्यानं मान मागं टाकून हसून घेतलं असतं आणि दोन दिवस दारात भेटेल त्याला ते ऐकवलं असतं. त्यानं पत्रकाची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली, चष्मा काढला आणि म्हणाला, “चल, तुला तलावावर सोडतो. पोहायची वेळ झाली.” वेळ व्हायला अजून अर्धा तास होता. जाताना त्यानं आत बघितलं नाही. लिफ्टचं दार सरकलं, मिटलं. लिफ्ट खाली गेली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिचे कान अजून चांगले होते. लिफ्ट खाली पोचल्याचा धक्का तिनं ऐकला आणि मग ती खुर्ची ओढून बसली. चौतीस वर्षं जे तिनं या माणसापासून लांब ठेवलं होतं, ते आज नातीच्या दप्तरातून घरात शिरलं होतं. दारावरची बेलसुद्धा न वाजवता.

संत्र्याची एक फोड तिनं तोंडात टाकली. आंबट होती. तिला वाटलं होतं, अशा वेळी छाती धडधडेल, हातपाय गार पडतील. तसलं काही होत नव्हतं. फक्त उजवा डोळा, ज्या डोळ्यानं तिनं एकतीस वर्षं काचा वाचल्या, तो जरा चुरचुरत होता. कुणी तरी शेजारच्या खोलीत रसायनाची बाटली उघडली असावी तसा. प्रयोगशाळेतल्या बायकांनी तिचं नाव भिंगबाई ठेवलं होतं, ते पुढं दवाखाना सोडून बिल्डिंगीत आलं, वाण्याकडे गेलं, जावयाच्या तोंडीसुद्धा बसलं. काम तिचं साधं होतं, निदान सांगायला. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी लाकडी पट्टी फिरवून डॉक्टर पेशी काढत, त्या काचेच्या पट्टीवर पसरत. काच रंगवून तिच्यासमोर येई. ती भिंगाखाली घालायची आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बघत जायचं, मग जरा खाली सरकायचं आणि उलट यायचं, जशी मोलाची फरशी पुसावी, एकही चौकोन न सोडता. काही संशयास्पद दिसलं की काचेवर त्याच्या शेजारी शाईचा एवढासा ठिपका द्यायचा. दिवसाला साठ काचा. गुलाबी, नारिंगी, मोरपंखी पेशी, पातळ, चुरगळलेल्या पाकळ्यांसारख्या. लोकांना वाटायचं किळस येत असेल. तिला तर सकाळी पहिली काच घालताना दरवेळी बाग उघडल्यासारखं वाटायचं, पण हे ती कुणाला सांगत नसे. एक तर कुणी विश्वास ठेवला नसता आणि ठेवला असता तर लग्न जमायला आणखी उशीर झाला असता.

त्या बागेत काही पेशी वेगळ्या असायच्या. मधलं केंद्रक, म्हणजे पेशीचं काळसर बी, आणि त्याच्याभोवती एकदम स्वच्छ, रिकामी, काचेसारखी जागा, आणि त्या जागेची कड जाड, कुणी रेघ ओढल्यासारखी. उजेड लावलेल्या खिडकीत कुणी बाई येऊन उभी आहे आणि तिचं फक्त डोकं दिसतंय, असं वाटायचं. तिनं आणि तिच्या शेजारी बसणारीनं त्यांना नाव दिलं होतं, खिडकीवाल्या. शेजारीण वक्तशीर म्हणून तिचं नाव घड्याळ. “आज माझ्याकडे पाच खिडकीवाल्या,” घड्याळ म्हणायची. “माझ्याकडे नऊ, अख्खी चाळ आहे,” ती म्हणायची. नवीन होती तेव्हा तिनं एकदा त्यांच्याभोवती ठिपके दिले होते. मोठ्या डॉक्टरांनी काच बघितली, सिगारेट विझवली आणि म्हणाले, “बाई, शाई महाग नाही, पण माझे डोळे आहेत. हा सगळा दाहाचा कचरा. सूज आली की पेशी अशा होतात. त्या सोडा, कॅन्सरच्या पेशी शोधा.” मोठे डॉक्टर चांगले होते, खरोखर हुशार होते, आणि त्या काळी सगळ्या पुस्तकांत तेच लिहिलेलं होतं. तेव्हापासून ती खिडकीवाल्यांना बघायची, मनातल्या मनात हात करायची आणि पुढं सरकायची. वहीत लिहायची, ‘दाह. बाकी ठीक.’ आणि शेजारी आपली सही, नावाची दोन अक्षरं.

थोरलीची काच तिच्यासमोर आली तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि थोरली तिच्या लेखी फक्त एक आकडा होता, काचेच्या कडेला हिऱ्याच्या पेन्सिलीनं कोरलेला. थोरली म्हणजे नवऱ्याची पहिली बायको. दुसरीनं पहिलीला थोरली म्हणायचं, मग पहिली वयानं धाकटी राहिली तरी. आणि ती तशी राहिलीच, बत्तिसाव्या वर्षी गेली. ‘दाह. बाकी ठीक.’ चार वर्षांनी तीच बाई परत आली, तेव्हा भिंगाची गरजच नव्हती, डॉक्टरांना नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. दवाखान्याचा नियम असा होता की कॅन्सर निघाला की त्या बाईच्या जुन्या काचा तळघरातून काढून पुन्हा बघायच्या, कुणी काय लिहिलं होतं ते ताडायचं. मोठ्या डॉक्टरांनी जुनी काच बघितली, वहीतली दोन अक्षरं बघितली आणि खाली लिहिलं, ‘त्या वेळच्या नियमानुसार योग्य.’ तिला बोलावून दाखवलंही. ती जागेवर येऊन बसली आणि पुढची काच भिंगाखाली घातली. त्या संध्याकाळी तिनं घरी जाताना द्राक्षं घेतल्याचं तिला आठवत होतं. म्हणजे मन शांत असलं पाहिजे.

मग तो आला. बायकोला दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात दाखवायचं होतं आणि तिथले डॉक्टर म्हणाले, काचा घेऊन या. दवाखाना काचा उसन्या द्यायचा, सही घेऊन, परत करायच्या बोलीवर. परत कुणी करत नसे. काचा नेलेली माणसं बरी झाली की विसरत, आणि बरी झाली नाहीत की मागायला जायची कुणाची छाती होत नसे. तो सात काचा घेऊन गेला. पाच महिन्यांनी एका सकाळी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन खिडकीशी उभा राहिला. डब्यात कापसाचे थर, थरांमध्ये काचा. “सात नेल्या होत्या, सात आहेत,” तो म्हणाला. “ती गेली. मोजून घ्या.” तिनं मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मेलेल्या माणसाच्या काचा परत आणून देणारा तिच्या नोकरीत तो पहिला, आणि पुढं निवृत्त होईपर्यंत कळलं की शेवटचाही तोच.

तो लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक होता आणि दवाखान्याची लिफ्टही त्याच्याच कंपनीकडे होती. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तेलपाणी. पूर्वीही तो येत असणारच, पण तिनं कधी बघितलं नव्हतं. लिफ्टवाल्याकडे कोण बघतं, लिफ्ट चालू आहे ना, झालं. आता मंगळवारी तो वर यायचा, पाणी मागायचा, उभा राहायचा. असे दीड वर्षाचे मंगळवार गेल्यावर तो म्हणाला, “माझी मुलगी सात वर्षांची होईल. तिला लिफ्टची भीती वाटते.” ती म्हणाली, “मग जिन्यानं आणा.” हेच त्याचं विचारणं आणि हेच तिचं हो म्हणणं. घड्याळनं मात्र शेवटपर्यंत मानलं नाही. “एवढ्यावर लग्न जमलं? ते तर जिन्याबद्दल बोलत होते.” मुलगी पहिल्या दिवशी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहिली आणि म्हणाली, “मी तुम्हाला आई म्हणणार नाही.” ती म्हणाली, “बरं. मावशी म्हण. मावशीवर रागावता येतं, आईवर रागावलं की लोक बोलतात.” मुलगी आता पन्नाशीला आली होती, अजून मावशीच म्हणत होती आणि हवं तेव्हा मनमुराद रागावत होती. भिंगबाईला पुढं स्वतःचं मूल झालं नाही. एकदा राहिलं होतं, तीन महिन्यांचं गेलं. पण त्या दुःखालाही काळानं साय धरली होती. वाईट गेलं नाही आयुष्य. ओट्यापाशी बसून, अर्ध्या संत्र्यासमोर, या क्षणालासुद्धा तिला हे कबूल करावंसं वाटलं, की वाईट नाही गेलं, चांगलंच गेलं. आणि म्हणूनच तर भीती होती. ज्याचं चांगलं गेलेलं असतं त्याच्याकडे गमावायला काही तरी असतं.

मुलगी सोळा वर्षांची होती त्या वर्षी सगळ्या काच वाचणाऱ्यांना दोन दिवसांच्या वर्गाला पाठवलं. शिकवायला एक तरुण डॉक्टरीण आली होती, बिनबाह्यांचा झगा, केस कापलेले, आवाज मात्र शाळामास्तरांचा. खोलीत अंधार केला आणि तिनं पडद्यावर चित्र टाकलं. भिंतभर, पुरुषभर उंचीची, एक खिडकीवाली. घड्याळनं तिला कोपरानं ढोसलं, ओळखीचं माणूस दिसल्यासारखं. डॉक्टरीण म्हणाली, “ही पेशी तुम्ही रोज बघता आणि सोडून देता. हा दाह नव्हे. इथं विषाणूनं घर केलेलं आहे. यातल्या बऱ्याच आपोआप बऱ्या होतात, शरीरच त्याला हुसकावतं. पण काही जणींमध्ये तो मुक्काम ठोकतो, दहा-वीस वर्षं, आणि तिथून पुढं कॅन्सर.” कुणी तरी विचारलं, विषाणू येतो कुठून. “संबंधातून.” खोलीत खसखस पिकली. “म्हणजे नवरे आणतात,” मागून एकजण म्हणाली. “नवरे आणतात, बायका आणतात,” डॉक्टरीण शांतपणे म्हणाली. “लग्नाच्या आधीचा असतो, फार वर्षांपूर्वीचा असतो. ज्याच्या अंगात आहे त्याला पत्ताही नसतो. कुणी कुणाला दिला, हे विचारण्यात अर्थ नाही, ते कुणालाच सांगता येत नाही. दहातल्या आठजणांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. सर्दीला लाज नाही, तर याला कशाला?” मग जरा थांबून तिनं एक गोष्ट सांगितली, सहज, जाता जाता: ज्या पुरुषाची पहिली बायको या रोगानं गेली, त्याच्या दुसऱ्या बायकोनं आपली तपासणी चुकवू नये.

घड्याळ पडद्याकडे बघत राहिली. मान वळवून तिनं तिच्याकडे बघितलं नाही, ही घड्याळची माया. घरी आली तेव्हा तो जमिनीवर बसून मिक्सर उघडून दुरुस्त करत होता, मुलगी आत पाठांतर करत होती. त्यानं मान वर करून विचारलं, “काय शिकवलं?” ती म्हणाली, “पेशी.” तो म्हणाला, “हं.” दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती तळघरात गेली, थोरलीची जुनी काच शोधून काढली आणि भिंगाखाली घातली. अकरा. अकरा खिडक्या आणि अकराही खिडक्यांत कुणी ना कुणी उभं. पंधरा वर्षं तिथं उभ्या होत्या, कुणी बघेल म्हणून. आणि बघितलं नव्हतं असं नाही. तिनं बघितलं होतं. हात केला असेल मनात, आणि पुढं सरकली असेल.

त्यानंतर तिनं दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे स्वतःची तपासणी, दरवर्षी, न चुकता. काच घड्याळ वाचायची. त्याला सांगितलं, ऑफिसचा नियम आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी घड्याळ काही न बोलता तिच्यासमोर काच ठेवून गेली, आणि तिनं पहिल्यांदा स्वतःला बघितलं. दोन. कोपऱ्यात, शेजारी शेजारी, दोन खिडकीवाल्या. त्या वर्षभरात तिला स्वतःचं शरीर परक्याच्या घरासारखं वाटायचं, जिथं वरच्या मजल्यावर कुणी भाडेकरू राहतोय आणि रात्रंदिवस त्याच्या पावलांचा कानोसा घ्यायचाय. ती स्वयंपाक करायची, मुलीच्या परीक्षेच्या तारखा लिहून ठेवायची, त्याच्या शर्टांची बटणं लावायची आणि ऐकत राहायची. पुढच्या वर्षी काच स्वच्छ आली. भाडेकरू गेला, जसा आला तसा, न सांगता. घड्याळनं त्या दिवशी दोघींसाठी केक आणला आणि म्हणाली, कशाबद्दल ते विचारू नकोस. दुसरी गोष्ट तिनं केली ती गप्प बसण्याची. वर्तमानपत्रात त्या विषाणूबद्दल आलं की ते पान भाजी निवडायला जायचं. रेडिओवर डॉक्टर बोलायला लागला की तिला नेमकं त्याच वेळी गाणी ऐकायची असायची. एरवी गाण्याचा तिला कंटाळा. तो म्हणायचा, “भिंगबाई, म्हातारपणी रसिक झालात.” ती म्हणायची, “व्हावं लागतं.”

कारण तो मोडेल, हे तिनं स्वतःला सांगितलं होतं. ज्या माणसानं सात काचा कापसात गुंडाळून परत आणल्या, त्याला जर कळलं की कदाचित आपल्याच अंगातून तो विषाणू थोरलीकडे गेला, आणि आपल्याच अंगातून हिच्याकडे, तर तो माणूस उभा राहील का. लोक बाहेरख्यालीपणाचे अर्थ काढतील. तो असला नव्हता, ती शपथेवर सांगायला तयार होती, पण विषाणूला चारित्र्याचा दाखला लागत नाही. म्हणून झाकून ठेवलं. चौतीस वर्षं हे कारण तिनं एखाद्या चांगल्या भांड्यासारखं घासून पुसून ठेवलं होतं आणि ते चकचकीत होतं. आज, नेमकी आज, ती त्याच्या परतण्याची वाट बघत बसली असताना ते तिनं जरा उलटं करून बघितलं आणि तिला तळ दिसला. तळाशी तिची दोन अक्षरं होती. त्याला विषाणूचं सांगायचं तर तो पुढचा प्रश्न विचारणार, यंत्रावरचा माणूस, विचारणारच: मग हे आधी कुणाला दिसत नाही का? आणि तिला सांगावं लागणार, दिसतं. दिसलं होतं. मला. त्याला जपत होते म्हणताना ती अर्धी तरी स्वतःलाच जपत होती. हे लक्षात आल्यावर तिला वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिला एकदम हलकं वाटलं, बऱ्याच वेळानं चप्पल काढल्यासारखं. तिनं उरलेलं संत्रं खाल्लं. त्यातल्या शेवटच्या फोडी गोड होत्या.

लिफ्ट वर आली. तो आत आला तेव्हा हाताला काळं लागलेलं होतं. निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली तरी बिल्डिंगीच्या लिफ्टला हात लावल्याशिवाय त्याला करमत नसे, आणि मनात काही असलं की जास्तच. त्यानं हात धुतले, साबण दोनदा लावला, टॉवेलला पुसले आणि तिच्यासमोरच्या खुर्चीत बसून खिशातून ती घडी काढली.

“हे तुला माहीत होतं,” तो म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

“हो.”

“कधीपासून?”

“पोरगी सोळा वर्षांची होती.”

त्यानं बोटांवर काही तरी मोजलं. “म्हणून ती गाणी,” तो म्हणाला. “मला वाटायचं हिला अचानक काय झालं.” घडी उलगडून ती ओळ त्यानं पुन्हा बघितली. मग, “म्हणजे मी तिला…”

“अहो, ते कुणालाच सांगता येत नाही. तुमच्याकडून तिला, तिच्याकडून तुम्हाला, लग्नाआधीचं, कसलं तरी. दहातल्या आठांना असतं. ज्यांच्यात मुक्काम करतो त्यांचं नशीब. तुम्ही काही केलेलं नाही.”

“लग्नाआधी एक होती,” तो टेबलाकडे बघत म्हणाला. “वर्कशॉपजवळ राहायची. दोन महिने. मी एकोणीस वर्षांचा होतो.”

“बरं.”

“तुला कधी सांगितलं नव्हतं.”

“मी विचारलं नव्हतं,” ती म्हणाली. “आता माझं ऐका.” आणि तिनं सांगितलं. कुणा नव्या मुलीला काम शिकवावं तसं, क्रमानं, घाई न करता. काच, वही, दोन अक्षरं, मोठ्या डॉक्टरांचा शेरा, वर्ग, तळघर, अकरा. त्या वेळचा नियम तसा होता, हे तिनं शेवटी सांगितलं आणि एकदाच सांगितलं. सांगताना तिनं त्याच्या हातांकडे बघितलं. नखांत अजून काळं होतं.

तो उठला. ती बसून राहिली. खिडकीशी जाऊन त्यानं बाहेर बघितलं, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी होत्या. परत आला. “कशी दिसते ती? काढून दाखव.”

तिनं पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं काढली. बाहेरची वेडीवाकडी कड, आतली स्वच्छ जागा, मधलं डोकं. त्यानं चष्मा घातला, कागद लांब धरला, जवळ धरला.

“चांगली दिसते की ही,” तो म्हणाला, जरा गोंधळून.

“चांगलीच दिसते. तोच तर घोटाळा.”

“हं,” तो म्हणाला. दुपारपासूनचा पहिला. कागद त्यानं टेबलावर ठेवला आणि तळहातानं सपाट केला. “आमच्याकडे तार तुटली की आधी बघतात, शेवटचा तपासून कोण गेला. सही कुणाची. मी दोनदा उभा राहिलोय तसा साहेबासमोर. पण तार त्या दिवशी झिजत नाही गं. ती आतून झिजत असते, वर्षानुवर्षं, तेल लावलेलं असतं, चकचकीत असते. पुढं आतलं बघायचं यंत्र आलं. त्याच्या आधी आम्ही हातानं चाचपायचो.” त्यानं चष्मा काढला. “ती वाचली असती?”

याच प्रश्नाला ती भीत होती आणि तो आता आला होता, तर तो केवढासा होता. “कदाचित,” ती म्हणाली. “आजचं माहीत असतं तर, बहुतेक, हो.”

त्यानं मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं पुसलं नाही, गालांवरून येऊ दिलं, सुकू दिलं. तिनं हात पुढं केला नाही. ते पाणी थोरलीचं होतं, त्यात तिनं मधे हात घालायचा नव्हता. खाली कुणी तरी लिफ्ट बोलावली, ती गेली, थांबली, तिचं दार उघडलं. त्यानं सवयीनं कान दिला आणि स्वतःशीच म्हणाला, “आता बरी वाजतेय.” मग घसा साफ केला.

“पोरीला सांगायचं?”

“सांगायचं. माझं मी सांगीन. रागवेल.”

“रागवेल,” तो म्हणाला. “मावशी आहेस, तेवढं चालायचंच.” मग त्यानं तिच्याकडे नीट बघितलं, जसा तो पूर्वी मंगळवारी पाण्याचा पेला हातात घेऊन बघायचा. “आणि तू? तुला भीती नाही वाटली? थोरलीचं काय झालं ते माहीत, कशानं झालं ते माहीत, मी कोण ते माहीत. आणि तरी इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपलीस?”

“मग कुठं झोपणार होते? आतल्या खोलीत पोरगी अभ्यास करायची.”

त्याचे आधी खांदे हलले. मग आवाज फुटला, मान मागं गेली.

“आणि तिचं लग्न होऊन ती गेल्यावर?”

“तोवर सवय झाली होती,” ती म्हणाली.